आईच्या चालीनं

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलहून डोंगर ओलांडून पश्चिमेला गेलं की पाऊण-एक तासात पॅसिफिक लागतो. तिथे कड्याच्या काठाकाठानं जाणारी एक पायवाट आहे. उत्तरेकडून चालायला लागलं तर उजव्या हाताला समुद्र, साठ-सत्तर फूट खाली, आणि डाव्या हाताला शेतं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यापासून मी दर गुरुवारी सकाळी तिथे जाते आणि सावकाश चालते. इतकी सावकाश की कुत्री घेऊन फिरणारी माणसं जाताना एकदा आणि येताना एकदा मला ओलांडून जातात. दोन्ही वेळा हसून हात करतात. कड्याची माती भुसभुशीत आहे. दर वर्षी तिचा थोडा भाग समुद्रात जातो, म्हणून ठिकठिकाणी दोर बांधून वाट आत सरकवली आहे. खालच्या खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. पेलिकन एका रांगेत लाटेला पोट घासत जातात आणि शेवटच्या क्षणी सगळे मिळून वर उचलले जातात. हे बघायचं तर उभं राहावं लागतं.

गेल्या ऑक्टोबरात ह्याच वाटेवर मी एका माणसावर सूड उगवला. घाईघाईत नाही. ठरवून, तारीख वार नक्की करून, थर्मासमध्ये चहा भरून.

त्या माणसाला आमच्या इथले सगळे मराठी लोक दादा म्हणतात. मीही तोंडावर दादाच म्हणते. मनात मात्र अकरा वर्षं तो 'तो'च आहे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, चिपच्या कंपनीत वरच्या जागेवर होता, आता रिटायर झालाय. आमचा शनिवारी हाइकला जाणारा ग्रुप त्यानंच काढला. सात-आठ कुटुंबं. तो सगळ्यात पुढे, मनगटावर घड्याळ, दर मैलाला वेळ ओरडून सांगणार. त्याची बायको, आमच्या वहिनी, बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या. घरी पोचलो की ग्रुपवर त्याचा मेसेज आलेला असायचा: आजचा पेस अमुक, कोण किती मागे राहिलं, पुढच्या वेळी काय सुधारायचं. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, हे कबूल करते.

अकरा वर्षांपूर्वीच्या वसंतात आई अमरावतीहून आली होती. एकाहत्तर वर्षांची. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिचा एक गुडघा खराब होता, पण ती हळू चालायची ते फक्त गुडघ्यामुळे नाही. तिला रस्त्यात काहीही दिसलं की ती थांबायची. सनीव्हेलच्या फुटपाथवर मुंग्यांची रांग दिसली तरी थांबायची. "पाय नं," तिच्या वऱ्हाडीत म्हणायची, म्हणजे बघ ना, "कशा चालल्या."

नवरा त्या आठवड्यात कामासाठी न्यू जर्सीत पार्सिपनीला होता. शनिवारी कड्यावरचा हाइक होता. मी दादाला फोन करून विचारलं, आईला आणू का, ती जरा सावकाश चालते. तो म्हणाला, "अगं आण की! सपाट ट्रेल आहे, तीन मैल. माझ्याच गाडीतून या. आजींना समुद्र दाखवू." काही गाड्या आधीच दक्षिणेच्या टोकाला नेऊन ठेवायच्या, उत्तरेकडून चालायला लागायचं आणि टोकाला पोचलं की त्या गाड्यांतून जेवायला जायचं, असं ठरलं होतं.

आईनं त्या दिवशी आकाशी रंगाची सुती साडी नेसली होती आणि खाली माझे जुने स्नीकर्स घातले होते. पहिल्या दहा मिनिटांतच ती वाटेच्या कडेला वाकली.

"अगं, ही मोहरी!"

खरंच मोहरी होती. शेताच्या बांधापासून कड्याच्या टोकापर्यंत पिवळी धमक. मी त्या वाटेवरून सात-आठ वेळा गेले होते आणि मला ती फक्त पिवळी फुलं दिसली होती. मग तिला मुळ्याची फुलं दिसली. मग बडीशेपेचं झुडूप. तिनं त्याचा कोवळा तुरा बोटांत चुरडला, मला हुंगायला दिला, मग वहिनींना दिला. "आपल्या घरचं सगळं इथे कोण घेऊन आलं?" असं म्हणून ती इतकी हसली की वहिनीही हसायला लागल्या.

पुढून दादानं हाक मारली, "अरे चला यार, तिकडे टेबल बुक आहे!"

तो परत मागे आला, घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाला, "असं करू. आम्ही पुढच्या बाकापाशी थांबतो. तुम्ही या सावकाश." वहिनी त्याच्याबरोबर पुढे गेल्या. जाताना दोनदा वळून बघत होत्या.

त्यानंतर मी आईला जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, "आई, जरा भरभर चाल ना. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत." ती लगेच हातातली बडीशेप टाकून चालायला लागली. खाली बघून, ओठ घट्ट मिटून. त्यानंतर तिनं मला काहीच दाखवलं नाही.

बाक आला तेव्हा त्यावर कुणी नव्हतं.

मला वाटलं, पुढच्या वळणावर असतील. वळणावरही नव्हते. समुद्रावरून धुकं आत यायला लागलं आणि दहा मिनिटांत पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. फोनला रेंज नव्हती. आईला थंडी वाजत होती. मी माझं जॅकेट तिला दिलं. मग ती हळूच म्हणाली, "बाई, मले जायचं आहे." त्या वाटेवर शौचालय नाही. एका बाजूला दोर आणि कडा, दुसऱ्या बाजूला उघडं शेत आणि त्यात काम करणारे चार बाप्ये. मी म्हणाले, पार्किंगमध्ये आहे, आलंच आता. अजून सव्वा मैल होतं. ती माझा हात धरून चालत राहिली.

पार्किंगमधल्या शौचालयाला कुलूप होतं. दारावर दुरुस्तीचा कागद चिकटवलेला. गाड्या नव्हत्या. सगळे जेवायला गेले होते.

आई त्या कुलपाकडे बघत उभी राहिली आणि उभ्या उभ्याच तिची साडी भिजली. मी जॅकेट तिच्या कमरेला बांधलं आणि आम्ही दगडी कठड्यापाशी बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी दादाची गाडी आली. पुढे वहिनी बसलेल्या. तो खाली उतरून म्हणाला, "काय आजी, आम्हाला वाटलं तुम्ही मुक्कामच ठोकलात!" मग त्यानं आईच्या साडीकडे पाहिलं. त्याला कळलं. त्यानं डिकी उघडली, पिकनिकची प्लास्टिकची चटई काढली आणि मागच्या सीटवर अंथरली. हसत हसत. "गाडी नवीन आहे ना, आजी," म्हणाला.

आई त्या चटईवर बसली. सनीव्हेलपर्यंत चटई चुरचुरत होती. वहिनी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी आई माझ्या फोनवर मोहरीचे फोटो बघत होती. ग्रुपवरचा मेसेज वर आला, तो तिनं वाचला. 'ह्या आठवड्याचा ॲव्हरेज आजींनी पाण्यात घालवला', आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे तीन चेहरे. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. मी तो नंतर वाचला. तिनं वाचल्याचंही तिनं सांगितलं नाही, मीच बघितलं तिला वाचताना.

त्यानंतर ती आमच्याबरोबर कुठेच आली नाही. "तुम्ही जा, मी तुमच्या वाटेत येते," म्हणायची. तीन आठवडे लवकर परत गेली. पुढच्या वर्षी गेलीच. हार्टनं, घरी, तास-दोन तासांत. त्याचा ह्या गोष्टीशी संबंध नाही, मला माहीत आहे. मी डॉक्टरांशी बोललेय. पण तिची माझ्याकडची शेवटची खेप तशी झाली, ती त्यानं तशी केली, आणि त्याबद्दल मी त्याला एक अक्षरही बोलले नाही. ग्रुप सोडला नाही. गणपतीला त्याच्या घरी जेवले. उकडीच्या मोदकांना छान झालेत म्हणाले. माझ्या गप्प बसण्याचा मला जितका राग येई, तितका त्याच्यावरचा राग वाढत जाई.

गेल्या वर्षी मे महिन्यात त्याचं बायपास झालं. सप्टेंबरच्या शेवटी वहिनींचा फोन आला.

"तू गुरुवारी चालायला जातेस ना? ह्यांना नेशील का गं? डॉक्टर म्हणालेत रोज चाला, पण सावकाश. हे एकटे गेले की पळायला बघतात. मुलं लांब, मला ड्राइव्ह करायचं धाडस होत नाही. तुझी चाल सावकाश आहे, म्हणून म्हटलं."

मी म्हणाले, "नेईन की. आनंदानं."

खरंच आनंद झाला होता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःशी हसले.

वहिनींनी मला गोळ्यांची यादी पाठवली. त्यात सकाळची पाणी काढायची गोळी होती. 'निघायच्या आधी रेस्टरूमला जाऊ दे त्यांना, वारंवार जावं लागतं,' असं खाली लिहिलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली. उत्तरेच्या मुख्य पार्किंगमध्ये शौचालय आहे. मी त्या गुरुवारी गाडी तिथे नेली नाही. अर्धा मैल अलीकडे, घरांच्या गल्लीच्या टोकाशी लावली, जिथून एक फाटा पार्किंगला बगल देऊन सरळ वाटेला मिळतो.

ऑक्टोबरात तो किनारा वर्षातला सगळ्यात सुंदर असतो. धुकं नव्हतं. पाणी हिरवं-निळं, क्षितिज अगदी रेघ मारल्यासारखं. बडीशेप वाळून तपकिरी झाली होती आणि तिचे दाणे कपड्यांना चिकटत होते. तो बारीक झाला होता. जॅकेट खांद्यावर सैल. पण पहिल्याच चढाला पुढे निघाला.

"दादा, सावकाश. डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं हा वेग म्हणजे वेग आहे का? गोगलगायी ओव्हरटेक करतील."

"मग करू देत."

वीस मिनिटांत तो अस्वस्थ व्हायला लागला. मी वाट बघत होते. त्यानं इकडेतिकडे बघितलं, "एक मिनिट हं," म्हणाला, वाटेपासून दहा पावलं बाजूला जाऊन एका झुडपामागे पाठ करून उभा राहिला आणि शीळ वाजवत परत आला.

इतकं सोपं होतं त्याच्यासाठी. ह्याचा मी विचारच केला नव्हता. रात्र रात्र जागून बेत करावा आणि बाप्या माणसाला झुडूप पुरतं हे विसरावं! मी स्वतःवर इतकी चिडले की काही वेळ मला समुद्र दिसेना. तो मजेत होता. कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टची गोष्ट सांगत होता, ज्यात शेवटी त्याचंच खरं ठरलं होतं.

बाक दिसायला लागायच्या आधी सायप्रसच्या झाडांची एक दाट ओळ आहे, तिच्यातून वाट वळून जाते. तिथे मी म्हणाले, "दादा, मी पुढच्या बाकापाशी थांबते. तुम्ही या सावकाश."

तेच शब्द. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तोंडावर काहीही उमटलं नाही. "जा जा," म्हणाला, "मी आलोच."

मी बाकापाशी थांबले नाही. बाक ओलांडून पुढे गेले. तिथे वाट किंचित वर चढते आणि वाऱ्यानं वाकलेल्या झाडांचा एक झुबका आहे. त्याच्या आडून बाक स्वच्छ दिसतो. मी थर्मास उघडून चहा ओतला. माझा फोन खिशात होता, ह्या बाजूला आता रेंज येते, आणि मी एक क्षणही त्याच्यावरची नजर काढली नाही. काळजीपोटी म्हणाल तर तीही होती. पण मुख्यतः मला बघायचं होतं.

तो बाकापाशी आला. बाकाकडे बघितलं. पुढे बघितलं, मागे बघितलं. मग त्यानं मला नावानं हाक मारली. वाऱ्यात ती अर्धीच आली. पुन्हा मारली, मोठ्यानं. त्यानं फोन काढला, आणि माझा फोन खिशात थरथरायला लागला. मी तो घेतला नाही. त्यानं पुन्हा लावला. मी चहाचा घोट घेतला. तो बाकावर बसला, उठला, दोराजवळ जाऊन खाली डोकावला. मी पडले की काय असं त्याला वाटलं असणार. छातीवर हात ठेवून परत आला आणि बसून राहिला. एक बाई धावत जात होती, तिला थांबवून त्यानं काहीतरी विचारलं. तिनं मान हलवली आणि गेली.

मी चाळीस मिनिटं थांबायचं ठरवलं होतं. अठ्ठावीस मिनिटं थांबले. त्याचे खांदे हलायला लागलेले दिसले म्हणून उठले. रडत होता की धापा टाकत होता, ते मला आजही माहीत नाही.

मला बघताच तो ओरडला, "कुठे होतीस तू? मला वाटलं तू खाली... फोन का नाही घेतलास?"

"तिथे वर होते. तुम्ही दिसत होतात मला."

"म्हणजे मुद्दाम?"

"हो."

"काय वेडीबिडी झालीस का? मी हार्ट पेशंट आहे!"

"माझी आई एकाहत्तर वर्षांची होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी ह्या क्षणासाठी अकरा वर्षं तयारी केली होती. त्याचा चेहरा उतरेल, तो मान खाली घालेल, काय काय बघितलं होतं मी मनात. आणि तो म्हणाला, "तुझी आई? तिचं काय?"

त्याला आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते. आई ह्या वाटेवर कधी आली होती हेच त्याच्या डोक्यात नव्हतं.

"चला," मी म्हणाले. "परत जाऊ."

परतीची वाट दीड मैल. गाडीची किल्ली माझ्याकडे होती. तो आता पुढे पळत नव्हता. मी त्याला आईच्या चालीनं नेलं. ती जिथे जिथे थांबली होती तिथे तिथे थांबले. इथे तिनं मोहरी ओळखली. इथे बडीशेप. इथे तुम्ही ओरडलात की टेबल बुक आहे. तो म्हणाला, "बरं, कळलं, चल आता." मी म्हणाले, "ती इथे चार मिनिटं उभी होती. आपणही उभे राहू." तो उभा राहिला. वारा वाढला होता. माझ्या पिशवीत घडी केलेली शाल होती. मी काढली नाही. मी तिला काय बोलले होते, तेवढं एक मी त्याला सांगितलं नाही.

त्यानं दोनदा सांगून बघितलं की असं झालं असेल तर चुकून झालं असेल. "इतकी माणसं घेऊन जायचं म्हणजे इकडेतिकडे होतंच गं." एकदा म्हणाला, "तू हे इतकी वर्षं डोक्यात ठेवलंस?" जणू दोष माझ्या स्मरणशक्तीचा होता.

गाडीपाशी आल्यावर मी डिकी उघडली. आदल्या दिवशी दुकानातून आणलेली प्लास्टिकची चटई काढली, त्याच्या सीटवर अंथरली, कोपरे नीट केले.

"बसा."

"हे कशाला?"

"गाडी जुनीच आहे. पण तरी."

तो दाराला धरून उभा राहिला. चटईकडे बघत. आणि मग मला दिसलं, त्याला आठवलं. आधी कान लाल झाले, मग सगळा चेहरा. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन बसले, पट्टा लावला, काच खाली केली. घाई नव्हती मला. शेवटी तो बसला. चटई चुरचुरली. सनीव्हेलपर्यंत तो एकच वाक्य बोलला, "मी तेव्हा चेष्टा करत होतो." मी गाडी चालवत राहिले.

घरी पोचल्यावर वहिनी दारात आल्या. "कसा झाला वॉक?"

"छान," तो म्हणाला आणि आत गेला.

हे इथे संपलं असतं तरी मला चाललं असतं. पण नोव्हेंबरात एका रविवारी कम्युनिटी हॉलमध्ये दिवाळीचं जेवण होतं. दुपारची वेळ, साठ-सत्तर माणसं, फराळाच्या ताटल्या हातात. मी एका टेबलापाशी गेले तर तो तिथे रंगात आलेला.

"हिला विचारा!" मला बघून तो म्हणाला. "हिनं मला कड्यावर टाकून दिलं! बायपास झालेला माणूस, आणि ही बाई झाडामागे लपून चहा पितेय! का, तर म्हणे दहा-बारा वर्षांपूर्वी मी हिच्या आईसाठी पाच मिनिटं थांबलो नाही. बायकांच्या मेमरीला मानलं पाहिजे!"

सगळे हसले. कुणीतरी मला टाळी द्यायला हात पुढे केला.

त्यानं माझा सूडही आपल्या विनोदात घातला होता. मी ताटली खाली ठेवली.

"पूर्ण सांगा, दादा."

"सांगितलं की."

"नाही. पुढचं सांगा. पार्किंगमधलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. मी ते सांगू शकत नव्हते. साठ माणसांसमोर आईच्या भिजलेल्या साडीचा विषय मी काढणार नव्हते, हे त्याला कळलं होतं. तो किंचित हसला. "तूच सांग," म्हणाला.

त्या क्षणी मला त्याचा जितका तिरस्कार वाटला तितका कधीच वाटला नव्हता, पार्किंगमध्येही नाही.

"मी सांगते," मागून आवाज आला. वहिनी होत्या. हातात चकल्यांचा डबा.

"पाच मिनिटं नव्हती ती," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण टेबल शांत झालं. "ह्यांनी शब्द दिला होता, बाकापाशी थांबतो म्हणून. बाक आला. मी म्हणाले थांबू या, म्हातारी बाई मागे आहे. हे म्हणाले, येतील. पार्किंगमध्ये मी पुन्हा म्हणाले, धुकं आलंय. हे म्हणाले, जेवण गार होईल. आम्ही जेवलो. त्या दोघी बाहेर थंडीत बसल्या होत्या. आणि त्यानंतर ह्यांनी ग्रुपवर त्यांच्यावर विनोद टाकला. मी खाली काही लिहिलं नाही. तुमच्यातल्या कितीजणांनी हसरे चेहरे टाकले होते ते मात्र मला आठवतंय."

बाकीचं त्यांनी गाळलं. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी नेमकं तेवढं गाळलं.

तो बायकोकडे बघत होता, जणू ती कुणी परकी बाई असावी. मग त्यानं हात वर केले. "अरे सॉरी यार! इतकं जुनं ते. माफ कर बाई मला, बस?"

सगळे माझ्याकडे वळले. अशा वेळी काय म्हणायचं असतं ते सगळ्यांना माहीत असतं. मीही ते आयुष्यभर म्हणत आलेय.

"नाही," मी म्हणाले. "मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. सगळ्यांसमोर सांगून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी गोष्ट सांगताना तुम्हाला शेवट ठाऊक असेल."

मग मी ताटली उचलली आणि दुसऱ्या टेबलापाशी जाऊन बसले. करंजी खाल्ली. नवरा गाडीत म्हणाला, "सगळ्यांचा मूड घालवलास." मी म्हणाले, "हो."

त्यानंतर शनिवारचा ग्रुप हळूहळू बंद पडला. कुणी मला फोन करत नाही, कुणी मुद्दाम जास्त करतं. तो माझ्याशी बोलत नाही. मी गुरुवारी जाते. मोहरी परत आलीय. ती बघायला वाकते तेव्हा मला आईची आठवण येते आणि त्याच्या मागोमाग, अजूनही, मी तिला बोललेलं वाक्य येतं. ते काही कमी झालेलं नाही.

फेब्रुवारीत वहिनींचा फोन आला. त्यानं ट्रेडमिल घेतलंय, गॅरेजमध्ये चालतो, भिंतीकडे तोंड करून, असं म्हणाल्या. मी बरं म्हणाले.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी हॉलमध्ये. तुला बरं वाटलं का गं?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही. "हो वहिनी. खूप बरं वाटलं."

पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज आला, बहुतेक त्यांनी खुर्ची ओढली. मग आवाज एकदम खाली आणून, गॅरेजच्या दाराकडे बघत असाव्यात तशा, त्या म्हणाल्या, "मलाही."

मग आम्ही पाचेक मिनिटं मेथी सध्या कुठे चांगली मिळते त्याबद्दल बोललो.